पिकाचा पुरावा आणि न्यायालयाचे दिवस

जूनच्या उत्तरार्धात वाफसा साधून पेरलेले सोयाबीन आठवडाभरात जमिनीवर दिसू लागावे अशी अपेक्षा असते. ते दिसले नाही, किंवा ओळीच्या ओळी विरळ राहिल्या, की शेतकऱ्यापुढे दोनच मार्ग उरतात. एक, पावसाची ओल आहे तोवर रान मोडून दुबार पेरणी करणे. दुसरा, तक्रार नोंदवून पाहणी समितीची वाट पाहत शेत आहे तसेच ठेवणे. पहिल्या मार्गाने हंगाम वाचतो, पण पुरावा कुळवाखाली जातो. दुसऱ्या मार्गाने पुरावा राहतो आणि हंगाम हातचा जातो. बियाणे सदोष होते की नाही हा प्रश्न पुढे कधीतरी ग्राहक आयोगापुढे किंवा दिवाणी न्यायालयापुढे येतो, तेव्हा त्याचे उत्तर बहुतांशी या आठ-दहा दिवसांत काय नोंदले गेले यावर ठरलेले असते.

कृषी संशोधनाच्या वर्तुळात दिवाणी प्रक्रियेचा कायदा हा वकिलांचा विषय मानला जातो. हा समज सोडण्याची वेळ आली आहे. नुकसानभरपाईचा हक्क कोणाला हे मूळ कायदा सांगतो. परंतु तो हक्क कोणी, कशाने, किती दिवसांत आणि कोणापुढे सिद्ध करायचा हे प्रक्रियेचा कायदा ठरवतो. शेतीच्या वादांत हक्काविषयी फारसा संदेह नसतो. वाद हरतो किंवा जिंकतो तो पुराव्यावर, आणि त्या पुराव्याचा मोठा भाग कृषी शास्त्रज्ञाच्या अहवालातून येतो.

कालमर्यादांची पंचवीस वर्षे

दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ सालची आहे. गेल्या पंचवीस वर्षांतील तिच्या सुधारणांचा मुख्य हेतू विलंब कमी करणे हा राहिला. १ जुलै २००२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने प्रतिवादीला लेखी कैफियत देण्यासाठी ३० दिवस, आणि कारणे नोंदवून जास्तीत जास्त ९० दिवस ठरवून दिले. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ही मर्यादा मार्गदर्शक मानली, अपवादात्मक परिस्थितीत ती ओलांडता येईल असे सांगितले, आणि साध्या दिवाणी दाव्यांत ती पुन्हा सैल झाली. २०१५ च्या वाणिज्यिक न्यायालय कायद्याने मात्र १२० दिवसांची सीमा आखली आणि त्यानंतर कैफियत देण्याचा हक्कच संपेल असे ठरवले. ग्राहक वादांत हाच प्रश्न घटनापीठापुढे गेला तो एका शीतगृहाच्या प्रकरणात. न्यू इंडिया अशुरन्स विरुद्ध हिली मल्टीपर्पज कोल्ड स्टोरेज या ४ मार्च २०२० च्या निर्णयात ३० अधिक १५ असे ४५ दिवस संपल्यावर आयोगाला मुदत वाढवता येणार नाही, असे ठरले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही तीच मुदत कायम आहे.

निकालानंतरच्या टप्प्याकडेही अलीकडे लक्ष गेले आहे. दरखास्तीचा निपटारा सहा महिन्यांत व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राहुल शहा प्रकरणात सांगितले होते. मार्च २०२५ मध्ये पेरियम्मल प्रकरणात न्यायालयाने सर्व उच्च न्यायालयांकडून प्रलंबित दरखास्तींची माहिती मागवली. तेव्हा देशभरात ८ लाख ८२ हजारांहून अधिक दरखास्ती पडून असल्याचे समोर आले. हुकूमनामा हातात असूनही पैसे न मिळालेल्या पक्षकारांची ही संख्या आहे.

या सर्व सुधारणा आवश्यक होत्या. परंतु त्यांत मोजले गेलेले दिवस कागदाचे आणि वकिलांचे आहेत. पिकाच्या दिवसांचा विचार त्यांत कोठेही नाही. उलट, काही तरतुदी दावा दाखल होण्याआधीच थांबायला सांगतात. सरकारविरुद्ध दावा करण्यापूर्वी संहितेच्या कलम ८० नुसार दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. तातडी असेल तर न्यायालयाची परवानगी घेऊन ती टाळता येते. वाणिज्यिक वादात तातडीचा दिलासा मागितला नसेल तर आधी मध्यस्थीचा प्रयत्न करणे कलम १२-क नुसार बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशन प्रकरणात स्पष्ट केले. त्यासाठी तीन महिने, आणि संमतीने आणखी दोन महिने दिलेले आहेत.

या मुदतींशेजारी किडीचा काळ ठेवून पाहावा. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीची एक पिढी उष्ण हवेत साधारण महिनाभरात पूर्ण होते. अळी बोंडाच्या आत राहते. बाहेरून बोंड निरोगी दिसू शकते. दोन महिन्यांच्या नोटिशीच्या काळात दोन पिढ्या होऊन जातात, बोंडे फुटतात, वेचणी होते, पऱ्हाट्या उपटल्या जातात. सोयाबीनमधील खोडमाशीची गोष्ट याहून नाजूक आहे. कोवळे रोप ताजे असताना उभे चिरले तर आत अळीने केलेली लालसर नागमोडी वाट दिसते. तेच रोप वाळून गेल्यावर उरते ते केवळ मेलेले रोप, आणि बियाणे सदोष होते या म्हणण्याला ते सहज जोडले जाते. हाच घोटाळा उलट दिशेनेही होतो. खरोखर सदोष असलेल्या बियाण्याचा दोष पुढे किडीवर, पावसावर किंवा खोल पेरणीवर ढकलला जातो, आणि तो खोडून काढायला शेतात काही शिल्लक नसते.

न्यायनिर्णय काय सांगतात

बियाणे वादांवरील दोन निर्णय सोबत वाचले पाहिजेत. हरियाणा बीज विकास महामंडळ विरुद्ध साधू या २००५ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की पिकाच्या स्थितीत दिसणारा फरक बियाण्यामुळेच आहे असे गृहीत धरता येत नाही. तपासणी अहवालात बियाण्याच्या निकृष्टतेचा स्पष्ट उल्लेख हवा. त्यानंतर राष्ट्रीय बीज महामंडळ विरुद्ध मधुसूदन रेड्डी या २०१२ च्या निर्णयाने शेतकऱ्याला मोठा आधार दिला. बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, बियाणे अधिनियम १९६६ मुळे त्याचा ग्राहक मंचाकडे जाण्याचा मार्ग बंद होत नाही, आणि पेरलेल्या बियाण्याचा नमुना त्याने राखून ठेवला असेल अशी अपेक्षा करणे वास्तवाला धरून नाही, असे त्यात ठरले.

हे दोन निर्णय परस्परविरोधी आहेत, असे पुष्कळदा सांगितले जाते. बारकाईने पाहता तसे नाही. २०१२ च्या निर्णयाने नमुना जपण्याचे ओझे शेतकऱ्याच्या खांद्यावरून उतरवले. नुकसान बियाण्यामुळेच झाले हे दाखवण्याची गरज मात्र संपवली नाही. प्रयोगशाळेतील नमुना बाजूला गेला की शेतातल्या पाहणीचा अहवाल हाच मुख्य पुरावा होतो. म्हणजे त्या निर्णयाने कृषी अधिकारी आणि शास्त्रज्ञ यांच्यावरील भार वाढवला आहे. या भारासाठी संस्थांनी स्वतःची तयारी पुरेशी केलेली नाही.

तज्ज्ञाच्या मताचे मोल कशावर ठरते, हे सांगणारा निर्णय बागायतीतूनच आलेला आहे. हिमाचल प्रदेश राज्य विरुद्ध जय लाल हे १९९९ चे प्रकरण खपली रोगाने खराब झालेल्या सफरचंदांच्या सरकारी खरेदीतून उभे राहिले. खटला फौजदारी होता, पण त्यातील तत्त्व दिवाणी न्यायालयेही मानतात. बागेतून किती उत्पादन निघू शकले असते, याविषयीचा उद्यान अधिकाऱ्याचा अंदाज सर्वोच्च न्यायालयाने पुरेसा मानला नाही. न्यायालयाच्या मते तज्ज्ञाचे काम निष्कर्ष सांगून संपत नाही. तो निष्कर्ष पारखता येईल असे शास्त्रीय निकष त्याने न्यायाधीशाच्या हाती द्यायचे असतात. पद किंवा पदवी ही त्या निकषांची जागा घेऊ शकत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ ने तज्ज्ञमताचा आवाका विज्ञान आणि कलेपलीकडे अन्य कोणत्याही क्षेत्रापर्यंत वाढवला. परंतु मताची विश्वासार्हता कशी जोखायची, याचे निकष त्या कलमात नाहीत. इतर देशांत गेल्या तीन दशकांतील मंथन याच प्रश्नाभोवती झाले आहे. अमेरिकेत डॉबर्ट या १९९३ च्या निर्णयाने वैज्ञानिक पद्धतीची छाननी करण्याचे काम न्यायाधीशावर सोपवले; तेथील नियम ७०२ मध्ये १ डिसेंबर २०२३ पासून झालेल्या दुरुस्तीने मत स्वीकारार्ह आहे हे दाखवण्याचा भार ते मांडणाऱ्या पक्षावर असल्याचे स्पष्ट केले. इंग्लंडच्या १९९९ पासूनच्या नव्या दिवाणी नियमांनी सांगितले की तज्ज्ञाला मानधन कोणीही देवो, त्याचे पहिले कर्तव्य न्यायालयाशी आहे, आणि शक्य तेथे दोन्ही पक्षांनी मिळून एकच तज्ज्ञ नेमावा. दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या मूळ शाखा नियमांत वाणिज्यिक दाव्यांतील तज्ज्ञांची साक्ष समोरासमोर, एकत्र बसवून घेण्याची सोय आहे. मतभेद कोठे आहे आणि तो कशामुळे आहे हे अशा बैठकीत लवकर उघड होते. कीटकशास्त्रज्ञ आणि बीजशास्त्रज्ञ यांना एकाच शेताविषयी वेगवेगळ्या तारखांना, वेगवेगळ्या वकिलांनी प्रश्न विचारण्यापेक्षा ही रीत किती सरस आहे, हे सांगायला नको.

दोन पक्षकारांतील अंतर

अमेरिकी विधिपंडित मार्क गॅलंटर यांनी भारतीय कायद्याचाही दीर्घ अभ्यास केलेला आहे. त्यांनी १९७४ मध्ये केलेली एक मांडणी येथे तंतोतंत लागू पडते. न्यायालयात पुन्हा पुन्हा येणारा पक्षकार आणि आयुष्यात एकदाच येणारा पक्षकार यांच्यात, कायदा समान असला तरी, सामना समान नसतो. पहिल्याकडे नोंदी, अनुभवी वकील आणि थांबण्याची ताकद असते. बियाणे उत्पादक किंवा विमा कंपनी हा पहिल्या प्रकारचा पक्षकार; शेतकरी दुसऱ्या प्रकारचा. २०१९ च्या ग्राहक कायद्याने हे अंतर काही प्रमाणात कमी केले. तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगात तक्रार करता येते; दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही; सुनावणी दृक्‌श्राव्य माध्यमातून होऊ शकते. तपासणीची गरज असलेली तक्रारही पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. पण पुराव्याची दरी या सवलतींनी भरत नाही. बियाण्याच्या लॉटच्या नोंदी आणि राखीव नमुने कंपनीकडे असतात. शेतकऱ्याकडे पावती, रिकामी पिशवी आणि समितीचा पंचनामा, एवढेच असते. २०२० च्या खरिपात महाराष्ट्रात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी इतक्या आल्या की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. अशा वर्षी मोजक्या अधिकाऱ्यांच्या समित्या सर्व शेतांवर वेळेत पोहोचू शकत नाहीत, आणि उशिरा झालेली पाहणी दोन्ही पक्षांना निरुपयोगी ठरते.

दाव्याआधीचा पुरावा

संहितेत साधने नाहीत असे नाही. आदेश २६ मधील नियम ९ नुसार स्थानिक चौकशीसाठी आयुक्त नेमता येतो. १९७६ च्या दुरुस्तीने त्याच आदेशात नियम १०-क आला आणि शास्त्रीय तपासासाठी आयुक्त नेमण्याची स्वतंत्र सोय झाली. आदेश ३९ मधील नियम ७ खाली वादविषयाची पाहणी, नमुने घेणे, प्रयोग करणे यांसाठी न्यायालय आदेश देऊ शकते. अडचण एकच, पण मूलभूत आहे: हे सारे दावा दाखल झाल्यानंतरचे आहे. वकील गाठून, कागद जमवून, वादपत्र तयार करून न्यायालयात पोहोचेपर्यंत शेतात दुसरे पीक उभे असते.

जर्मनीच्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८५ मध्ये यावर उपाय आहे. वस्तूची स्थिती किंवा नुकसानीचे कारण निश्चित करण्यात पक्षकाराचे कायदेशीर हित असेल, तर दावा नसतानाही न्यायालय तज्ज्ञाकडून पाहणी करवून घेऊ शकते. फ्रान्सच्या संहितेचे कलम १४५ खटल्यापूर्वी पुरावा जपण्यासाठी अशीच वाट मोकळी ठेवते. या तरतुदींचा आणखी एक गुण आहे. कारण लवकर आणि निःपक्षपातीपणे ठरले की अनेक वाद दाव्यापर्यंत जात नाहीत. २०२३ च्या मध्यस्थी कायद्याने भारतात तडजोडीला जे प्रोत्साहन दिले आहे, त्यालाही अशा सामाईक पाहणीची जोड हवी. दोन्ही पक्षांना मान्य असा वस्तुस्थितीचा आधार नसेल तर मध्यस्थी ही केवळ घासाघीस होते, आणि घासाघिशीत थांबू शकणारा जिंकतो.

म्हणून नाशवंत शेतीपुराव्यासाठी दावापूर्व पाहणीची तरतूद भारतीय प्रक्रियेत यायला हवी. साधा अर्ज, तालुका न्यायालयापुढे किंवा जिल्हा आयोगापुढे. विरुद्ध पक्षाला फोन आणि ईमेलद्वारे तत्काळ सूचना. ठरलेल्या दिवसांत तज्ज्ञाची पाहणी. अहवालाची प्रत दोघांना. पीक विम्यात स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांत देण्याचे बंधन शेतकऱ्यावर असू शकते, तर पाहणी करणाऱ्या यंत्रणेवरही तासांत किंवा दिवसांत मोजलेले बंधन असणे न्याय्य आहे.

संस्थांनी स्वतः करायचे काम

कायदा बदलायला वेळ लागेल. अहवाल सुधारायला लागत नाही. पाहणी अहवालात “बियाणे सदोष असल्याचे दिसते” किंवा “किडीचा प्रादुर्भाव आढळला” अशी एका ओळीची वाक्ये असतील, तर साधू आणि जय लाल या दोन्ही निर्णयांच्या कसोटीवर तो अहवाल टिकणार नाही. शेताच्या कोणत्या भागांत किती ठिकाणी रोपे मोजली, जागा कशा निवडल्या, किती रोपे उपटून व चिरून पाहिली, त्यांपैकी कितींत अळी किंवा तिची खूण सापडली, पेरणीची खोली किती होती, जमिनीत ओल किती होती, त्याच लॉटचे बियाणे शेजारच्या शेतात पेरले होते का आणि तेथे काय दिसले, एवढे तरी नोंदले पाहिजे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे इतर संभाव्य कारणे कोणती होती आणि ती का नाकारली, हे लिहिले पाहिजे. जी नाकारता आली नाहीत, तीही लिहिली पाहिजेत. “कारण निश्चित सांगता येत नाही” हा अप्रामाणिक अहवाल नाही. कारण नसताना दाखवलेली खात्री अप्रामाणिक असते.

छायाचित्रांचेही तसेच. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य नमूद करावे लागते. ग्राहक आयोगापुढे साक्षीपुराव्याचे तांत्रिक नियम सैल असले तरी प्रकरण दिवाणी न्यायालयात जाणारच नाही याची हमी नसते. व्हॉट्सअॅपवर फिरून आलेले चित्र आणि पाहणी करणाऱ्याच्या फोनमधील मूळ फाइल यांतील फरक प्रत्येक क्षेत्र अधिकाऱ्याला माहीत असायला हवा.

या सूचनांवर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला, अशाने खोट्या तक्रारींना ऊत येईल आणि उत्पादकांना नाहक त्रास होईल. प्रत्यक्षात लवकर झालेली, दोन्ही पक्षांसमोरची पाहणी खोट्या तक्रारीला सर्वांत आधी उघडे पाडते. खोडमाशीने मेलेले रोप ताजे असतानाच पाहिले गेले, तर बियाणे कंपनीवरील आरोप तेथेच संपतो. चांगल्या उत्पादकाचे हित उशिरात नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: शास्त्रज्ञाचे काम संशोधन आहे, तारखांना हजर राहणे नाही. उलटतपासणीत अपमान होतो, दिवस वाया जातो, मूल्यांकनात त्याची नोंद होत नाही, म्हणून जाणते शास्त्रज्ञ हे काम टाळतात आणि ते सर्वांत कनिष्ठ व्यक्तीकडे जाते. तक्रार खरी आहे. तिचे उत्तर काम टाळण्यात नाही, त्याला संस्थात्मक मान देण्यात आहे. साक्ष दृक्‌श्राव्य माध्यमातून व्हावी, पाहणी आणि साक्ष यांची सेवेच्या मूल्यांकनात नोंद व्हावी, आणि कीटकशास्त्र, वनस्पती रोगशास्त्र, बीजतंत्रज्ञान व मृदाशास्त्र यांतील तज्ज्ञांची जिल्हावार सूची असावी. देशात ७०० हून अधिक कृषी विज्ञान केंद्रे आहेत. पाहणीचा एकसारखा नमुना आणि दोन दिवसांचे प्रशिक्षण एवढ्यावर या जाळ्याचा उपयोग होऊ शकतो.

करदात्याच्या पैशातून उभे राहिलेले ज्ञान शेतकऱ्यापर्यंत नेण्याविषयी कृषी संशोधन संस्था नेहमी बोलतात. वाण, शिफारशी आणि सल्ले यांतून ते जातेच. नुकसान झाल्यावर त्याचे कारण खरेपणाने आणि वेळेत सांगणे हाही त्या ज्ञानाचा तेवढाच उपयोग आहे, आणि ते सांगणे शेतकऱ्याच्या बाजूचे किंवा कंपनीच्या बाजूचे असण्याची गरज नाही. पुढच्या खरिपाच्या पेरणीपूर्वी प्रत्येक कृषी विद्यापीठाने आपल्या तज्ज्ञांची सूची व पाहणीचा नमुना जाहीर केला, तर विधिमंडळाची वाट न पाहता या कामाला सुरुवात होईल. पहिल्या पावसानंतर हे ठरवायला बसले, तर रान मोडायचे की राखायचे हा निर्णय पुन्हा एकदा शेतकऱ्याला एकट्यालाच घ्यावा लागेल.